आम्ही, आपण आणि रविवारची बस

पहिलं पत्रक छापून आणलं आणि शनिवारी सकाळी शहराच्या कडेच्या डँडेनॉन्ग उपनगरात, फॉस्टर स्ट्रीटवर एका किराणा दुकानाच्या दारात उभी राहिले. मराठी माणूस मला लांबून ओळखू येतो. कोथिंबिरीची जुडी उलटी करून देठं बघतो तो. अशा एका काकांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पत्रक शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "छान. मिळू दे हो तुम्हाला बस."

"काका, सही?"

"आमची कशाला? तुमचं काम आहे, तुम्ही करा. तरुण मुलं काहीतरी करतायत, बरं वाटतं." आणि भेंडी घ्यायला आत गेले.

दुपारपर्यंत बहुतेकांनी हेच केलं. कुणी हुसकावलं नाही. हुसकावलं असतं तर भांडता आलं असतं. युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, भाड्याच्या खोल्यांवरून आणि कँटीनमधल्या पोरांच्या पगारावरून मी पत्रकं लिहिली आहेत, वाटली आहेत, त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. पत्रकात तीनच गोष्टी घालायच्या, हे मी तिथे शिकले: काय हवं, कोण देत नाहीये आणि वाचणाऱ्यानं आत्ताच्या आत्ता काय करायचं. याही पत्रकात तेवढंच होतं. 'आम्हाला रविवारी बस हवी. सरकार देत नाही. सही करा.' तरी लोक मला शुभेच्छा देत होते आणि भाजी घेऊन घरी जात होते. शुभेच्छांचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

बसची भानगड अशी. आमची वसाहत डँडेनॉन्गच्या पलीकडे, परवापरवापर्यंत घोडे चरायचे तिथे बांधलेली. सोमवार ते शनिवार बस येते. रविवारी बसस्टॉप म्हणजे नुसता खांब. घरटी दोन गाड्या असल्यानं हे कुणाला जाणवत नाही. जाणवतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना. पुण्या-मुंबईहून मुलांनी बोलावून आणलेले आईवडील. त्यांच्याकडे लायसन्स नाही, इथलं मत नाही. मत नाही म्हणून बस नाही, हे कोणी तोंडानं म्हणत नाही, पण वेळापत्रकात स्वच्छ छापलेलं आहे.

आमच्या शेजारच्या काकू त्यातल्याच. ठाण्याला महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. काका गेल्यावर मुलानं त्यांना पालकांच्या लांब मुदतीच्या व्हिसावर इथे आणलं. मुलगा, म्हणजे आमचा दादा, आयटीत. वहिनी हॉस्पिटलमध्ये नर्स, शनिवार-रविवार हमखास शिफ्टला. काकू आल्या तेव्हा पहिले काही महिने त्यांनी कपाटं आवरली, मग परत आवरली. मग डँडेनॉन्ग स्टेशनजवळच्या हॉलमध्ये रविवारी मुलांची मराठी शाळा भरते, तिथे त्यांना मोठ्या मुलांचा वर्ग मिळाला. मुलं उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायची. "आजी, कॅन आय गो टॉयलेट?" असं विचारलं की काकू म्हणायच्या, "मराठीत विचार, लगेच सोडते." त्या वर्गातून अशी घाईची मराठी वाक्यं पटापट तयार झाली. आठवड्यातल्या त्या एका दिवशी काकूंना कोणीतरी 'बाई' म्हणायचं.

दादा त्यांना गाडीनं सोडायचा. पण त्याचं काम असं की सिस्टिम बंद पडली की रविवार नाही, वाढदिवस नाही. एका रविवारी काकू साडी नेसून, पिशवीत वह्या घालून सोफ्यावर बसून राहिल्या आणि दादा लॅपटॉपवरून उठलाच नाही. मुलं हॉलमध्ये थांबून घरी गेली. असं आणखी काही वेळा झालं. शेवटी शाळा चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, या टर्मपुरतं बघू, पुढच्या टर्मपासून नियमित येणारं माणूस लागेल.

त्या संध्याकाळी काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "टर्म संपेपर्यंत बघते. जमलं तर जमलं. नाहीतर ठाण्याला परत जाते."

"काकू, असं काय. दादा सोडतोच की."

"मला सोडायला कुणी नकोय गं. मला जायचंय."

मी त्यांना शब्द दिला की टर्मच्या आत काहीतरी करते. शब्द द्यायला मला वेळ लागत नाही. पण काय करायचं ते नक्की होतं आणि ते मला सुचलं एका खोगीर शिवणाऱ्या माणसामुळे.

तेव्हा मी ऑनर्सचा प्रबंध लिहीत होते, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका राज्याच्या आमदारावर. त्याचं नाव इथे देत नाही. दिलं तरी कुणी ऐकलेलं नसणार. घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवायचं त्याचं दुकान. गावानं त्याला राज्याच्या सभागृहात पाठवलं, का ते त्यालाही बहुधा ठाऊक नसावं. पहिल्या वर्षी तो तोंड उघडून काही बोलल्याची नोंद मला सापडली नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं गावातल्या काही बायकांचा अर्ज आणला. बाईनं शिवणकाम करून, दूध विकून जे कमावलं ते कायद्यानं नवऱ्याचं होत होतं. ते तिचं तिच्याकडे राहावं, एवढीच मागणी. या बायकांना मत नव्हतं. पण सभागृहापुढे अर्ज करायला मत लागत नव्हतं, ही फट त्या माणसानं बरोबर पकडली. ज्यांना मत नाही त्यांनी सह्या करायच्या, ज्याला जागा आहे त्यानं तो कागद आत न्यायचा.

सभागृह हसलं. थट्टा म्हणून कुणीतरी सुचवलं की हा अर्ज शेतकी समितीकडे पाठवा. गायीगुरांचे विषय तिकडेच जातात, असा त्यातला विनोद. ठराव झाला. तर हा बाबा खरंच शेतकी समितीपुढे जाऊन बसला, बियाणं आणि कुंपणं यांच्या मधल्या वेळात आपला अर्ज काढायला लागला. पुढच्या निवडणुकीत पडला. परत निवडून आला, परत अर्ज आणला. परत पडला, परत आला. शेवटी तो कायदा झाला तेव्हा हा दुकानात खोगीर शिवत होता आणि कायद्यावर नाव तिसऱ्याचंच लागलं. तो वारला तेव्हा गावच्या पेपरनं चार ओळी छापल्या. त्यात दुकान होतं, चर्च होतं. कायदा नव्हता.

युनिमधल्या माझ्या सरांना हा विषय फारच लहान वाटला. "मेट, एखादा मोठा माणूस घे ना." मोठी माणसं घ्यायला रांग लागलेली आहे, असं मी म्हणाले आणि याच्यावरच अडून बसले.

काकूंना मात्र तो आवडला. बटाटे सोलताना त्या त्याची चौकशी करायच्या, जणू तो माहेरकडचा कुणी आहे.

"काय म्हणतोय तुझा खोगीरवाला? आला का निवडून?"

"या खेपेला पडला."

"कायदा?"

"कायदा झाला. पण तो घरी बसलेला असताना."

काकूंनी सुरी थांबवली. "म्हणजे फळा पुसला यानं आणि तारीख घातली दुसऱ्यानं." मग परत सोलायला लागल्या. "पण झाला ना. मग ठीक आहे."

मला ते ठीक वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. पण त्याची पद्धत मी उचलली. इथल्या राज्याच्या संसदेतही अर्ज करता येतो. आमदारानं तो सभागृहात मांडायचा. सही करणारा राज्यात राहणारा असला म्हणजे झालं, मतदार असायची अट नाही. अर्ज इंग्लिशमध्ये लिहिला. सह्या आणायच्या तर घरोघरच्या आईवडिलांच्या आणायच्या, म्हणून पत्रक मराठीत काढलं. आणि ते घेऊन फॉस्टर स्ट्रीटवर शुभेच्छा गोळा करत उभी राहिले.

संध्याकाळी पत्रक काकूंपुढे टाकलं. त्यांनी आधी लाल पेन शोधलं, मग चष्मा.

"'आम्हाला रविवारी बस हवी.' आम्हाला म्हणजे कुणाला?"

"आपल्याला सगळ्यांना."

"मग तसं लिही ना. हे कुणी लिहिलंय?"

"मीच. 'वुई वाँट अ बस'चं मराठी 'आम्हाला बस हवी.' बरोबर आहे की."

"बरोबर आहे. तुझं इंग्लिश बरोबर आहे." त्यांनी 'आम्हाला'भोवती गोल काढला. "हे बघ. आम्ही जेवलो. आपण जेवलो. फरक काय?"

"काय?"

"पहिल्यात तू उपाशी." त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. "आम्ही म्हटलंस की ज्याच्या हातात कागद दिलास तो बाहेर गेला. मग तो बिचारा काय करणार? मिळू दे तुम्हाला, म्हणणार. सज्जन माणूस आहे तो."

मी वाद घातला. मी म्हणाले, लोक इतकं बारीक वाचत नाहीत, लोकांना फक्त आपली बुडं हलवायची नसतात. काकू म्हणाल्या, तेही खरं असेल, पण तुझ्या पहिल्याच शब्दानं त्यांना बसून राहायची परवानगी दिली. मी नऊ वर्षांची असताना पुण्याहून इथे आले. घरी मराठी बोलते, मराठी लिहिते, पण पत्रक डोक्यात आधी इंग्लिशमध्ये तयार होतं, कारण भांडायला मी इंग्लिशमध्ये शिकले. इंग्लिशचा 'वुई' म्हणजे मोठी पिशवी. त्यात कोण आहे, कोण नाही, आत हात घातल्याशिवाय कळत नाही. मराठीत दारातच विचारतात, तू आत की बाहेर.

दुसरं पत्रक काढलं. 'रविवारी आपण बसने डँडेनॉन्गला जाऊ शकत नाही. आपल्याला बस हवी.' मला वाटलं, आता कोण सुटतंय.

मिठाईच्या दुकानापाशी एक गृहस्थ भेटले, इंजिनियर, सुटाबुटात, हातात काजूकतलीचा बॉक्स. पत्रक वाचून त्यांचा चेहरा पडला.

"मी कशाला बसने जाऊ? दोन गाड्या आहेत माझ्याकडे."

त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "अहो, तुम्हाला नाही म्हणत ती. सगळ्यांना म्हणते."

"हे काय लिहिलंय? आपण जाऊ शकत नाही. आपल्याला बस हवी. मला म्हणतेय की. मी म्हटलंय का मला बस हवी?"

"तुम्हाला 'आपण' कोण म्हणणार? मी पण म्हणत नाही."

"तेच तर."

त्यांनी सही केली नाही. मिसेसनी केली, ती पण हसू दाबत, त्यामुळे अक्षर वाकडं आलं. घरी येऊन काकूंना सांगितलं तर त्या डोळ्यांना पदर लावून हसल्या. "आदरार्थी 'आपण' म्हणणारे संपले असं मला वाटत होतं. एक उरलाय आणि तो नेमका तुला भेटला." मग त्यांनी मला शिकवलं की 'आपण' एकटं सोडलं की कुठेही जाऊन बसतं, त्याला क्रियापदानं बांधावं लागतं. 'आपण सही करावी' म्हटलं तर तो तुम्ही. 'आपण सही करूया' म्हटलं की मी आणि तू, सुटका नाही.

तिसरं पत्रक आम्ही दोघींनी लिहिलं. वरची ओळ माझी: 'रविवारी आईला बस म्हणू नका. आईला बस द्या.' काकूंनी ती दोनदा वाचली. "श्लेष आहे. जरा स्वस्तातला आहे." लाल पेननं खाली रेघ मारली. "चालेल." खालची ओळ त्यांची: 'आपण सगळे सही करूया.'

या पत्रकानं काम केलं. लोक वरच्या ओळीला हसायचे, मग पेन मागायचे. पहिले काका पुन्हा भेटले, कोथिंबीर हातात होतीच. म्हणाले, "हां, आता आमचंही नाव घेतलंत." हिंदीत, गुजरातीत, पंजाबीत लोकांनी आपापल्या माणसांना स्वतःहून ते समजावून सांगितलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या अफगाण आजीनं नातीला पुढे घालून सही केली आणि काकूंच्या हातावर सुके जर्दाळू ठेवले. दोघींची भाषा एक नाही, पण रविवार एकच होता.

एक सही मात्र मिळेना, ती काकूंच्या घरातली.

दादा म्हणाला, "आई, आपण इथे बाहेरून आलेली माणसं. कशाला सरकारला कागद पाठवायचे?"

"तू सिटिझन झालास ना? मी फोटो काढलेत."

"म्हणूनच. उगीच नाव कशाला यायला हवं कशात. आणि मी सोडतोय ना तुला?"

"मागच्या रविवारी?"

तो माझ्याकडे वळला. "तू हिला भरीला घालतेस."

"दादा, तुझ्याकडे मत आहे. ते तू ड्रॉवरमध्ये घालून ठेवलंयस. काकूंना ते नाहीच, तरी त्या रस्त्यावर उभ्या आहेत."

"तुझं युनि आहे. माझं मॉर्गेज आहे," तो म्हणाला आणि लॅपटॉप घेऊन वर गेला. राग आला, पण वाक्य चांगलं होतं हे मान्य करावं लागलं.

त्याच्या पुढच्या रविवारी दादाची सिस्टिम परत बंद पडली. मी खिडकीतून बघते तर काकू बसस्टॉपवर. निळी साडी, वर दादाचं जुनं जॅकेट, खांद्याला वह्यांची पिशवी. मी चपला घालून धावत गेले.

"काकू, आज रविवार."

"माहितीय."

"बस नाही येणार."

"माहितीय. वाट बघायला कुठे बंदी आहे?"

वाट त्यांना फार बघावी लागली नाही. आपल्याकडच्या माणसांना रस्त्यात एकटी उभी राहिलेली म्हातारी बघवत नाही. एक गाडी थांबली, काच खाली झाली. "काकू, कुठे सोडू?" काकूंनी पिशवीतून अर्जाचा कागद काढला. "आधी सही. मग सोडा." त्या बाईनं स्टिअरिंगवर कागद ठेवून सही केली आणि काकू वर्गात वेळेवर पोचल्या. संध्याकाळी मी म्हणाले, "तुम्हाला कुणी सोडायला नको होतं ना?" त्या म्हणाल्या, "ते सोडणं वेगळं. हे कामावर जाणं आहे."

तेव्हापासून दर रविवारी त्या तिथे उभ्या. थंडी वाढली तशी कानटोपी आली. दादानं गाडी काढली तरी त्या बसेनात. "तू लॅपटॉप बघ. मी बसची वाट बघतेय." शाळेच्या ताईंपर्यंत बातमी गेली. त्या एकदा स्वतःच गाडी थांबवून उतरल्या, सही केली आणि म्हणाल्या, "बाई, सरकारचं उत्तर येईपर्यंत वर्ग तुमचाच. पण बस आलीच नाही तर मला दुसरं बघावं लागेल हं." काकूंनी मान हलवली. घरी येऊन दादाला सांगितलं की शाळा सुटली तर मी इथे राहणार नाही, तिकीट काढून ठेव. दादानं काढलं. कदाचित आईला अडवायला आपल्याकडे काही नाही हे त्याला कळलं असावं.

पुरेशा सह्या झाल्या तेव्हा आमच्या भागाच्या आमदारांच्या ऑफिसात अर्ज दिला. त्या बाईंना काकू 'आमदारीणबाई' म्हणायच्या. दोन दिवसांनी ऑफिसातल्या पोराचा फोन आला. अर्ज मिळाला, मॅडम पुढच्या आठवड्यात तो 'टेबल' करतील. माझं डोकंच फिरलं. मी त्याला विचारलं, लाज वाटत नाही का, एवढ्या म्हाताऱ्या माणसांच्या सह्या घेऊन सरळ टेबल करताय? तोंडावर सांगता? तो गोंधळला. "सॉरी, तुम्हाला टेबल करायला नको आहे?" अजिबात नको, मी म्हणाले, चर्चा हवी आहे. बराच वेळ आम्ही दोघं आपापल्या टेबलाला धरून होतो. मग उलगडा झाला. माझ्या खोगीरवाल्याच्या अमेरिकेत एखादी गोष्ट टेबल केली म्हणजे बासनात गुंडाळली. त्याचा अर्ज दोनदा तसाच मारला होता आणि मी वर्षभर त्या शब्दावर दात खात होते. इथे तोच शब्द उलटा चालतो. टेबल करणं म्हणजे सभागृहापुढे ठेवणं. पोरगा म्हणाला, "नो वरीज." मी सॉरी म्हणाले, पण जरा खालच्या आवाजात.

ज्या दिवशी अर्ज मांडायचा त्या दिवशी काकू आणि मी ट्रेनने शहरात गेलो, संसदेच्या गॅलरीत बसलो. लाल गाद्या, उंच छत. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. खाली कुणीतरी उठून अर्जांचे विषय वाचले. एखाद-दुसऱ्या अर्जानंतर आमचा आला. एक वाक्य. पुढचा विषय सुरू झाला.

काकू कानाशी म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"शेतकी समिती वगैरे?"

"नाही. कोणी हसलं पण नाही."

त्यांनी खाली बघितलं. "हसले असते तर निदान ऐकलं असं वाटलं असतं."

लेखी उत्तर आलं ते हिवाळा सरत असताना. मंत्र्यांच्या सहीचं, दोन परिच्छेद. मागणीची नोंद घेतली आहे. मार्गांचा आढावा पुढे केव्हा घेतला जाईल तेव्हा ती विचारात घेतली जाईल. म्हणजे नाही. एका शब्दात बसतं त्याला दोन परिच्छेद लागले, कारण 'नाही' म्हणणाऱ्याला स्वतःचं नाव त्या शब्दाला लागू द्यायचं नव्हतं. टेबल या शब्दाचे दोन्ही अर्थ आमच्या बाबतीत खरे ठरले. आधी इथला, मग तिथला.

मी ते उत्तर घेऊन काकूंकडे गेले. ओट्यावर वाचून दाखवलं. विमानाचं तिकीट फ्रिजला मॅग्नेटनं लावलेलं होतं, तारीख आठवड्यावर आली होती.

काकूंनी विचारलं, "तुझा तो, किती वेळा घेऊन गेला अर्ज?"

"चार वेळा."

"आणि आपण?"

"एकदा."

"मग?" त्या म्हणाल्या आणि लाल पेन शोधायला उठल्या.

त्या रविवारी मी नव्या अर्जाचे कागद घेऊन स्टॉपवर गेले तर काकू एकट्या नव्हत्या. अफगाण आजी होती, नात बरोबर. कोथिंबीरवाले काका होते, त्यांना कुठे जायचं होतं कोण जाणे. काजूकतलीवाल्या गृहस्थांच्या मिसेस होत्या. म्हणाल्या, दोन्ही गाड्या घरी उभ्या आहेत, बघूया काय वाटतं ते. वारा बोचरा होता. सगळे खांबाला धरून उभे, येणार नाही अशा बसची वाट बघत. शाळेच्या ताईंनी गाडी हळू केली, काचेतून सगळ्यांना बघितलं आणि थांबल्या. "बाई, पुढच्या टर्मला पण तुम्हीच या. कशाही या," म्हणाल्या आणि हॉल उघडायला पुढे निघून गेल्या.

मग दादा आला, चालत. हातात काकूंची पाण्याची बाटली आणि फोन. "आई, बाटली विसरलीस." ती दिली, तरी तिथेच थांबला. "आणि एअरलाइनला आज सांगायचंय. तिकीट ठेवायचं की बदलायचं?"

"बदल."

"कधीचं करू?"

"बस सुरू होईल तेव्हाचं."

"अशी तारीख नसते गं त्यांच्याकडे."

"मग त्यांनाच विचार, कशी असते ते. तोवर मी इथेच आहे."

दादानं फोन खिशात घातला. परत जायला वळला नाही. त्यानं जॅकेटची चेन वर ओढली आणि खांबापाशी, आईच्या शेजारी उभा राहिला. तेवढ्यात एक यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, येऊन थांबली, हौद्यात शिड्या आणि रंगाचे डबे. रंगारी गोरा, वयस्क. त्यानं खिडकीतून सगळ्यांवर नजर टाकली आणि दादाला म्हणाला, "मेट, रविवारी इथे बस नसते."

दादा म्हणाला, "येस. वुई नो."

काकूंनी माझ्या कोपराला हात लावला. "काय गं, आत्ता तो 'आम्ही' म्हणाला की 'आपण'?"

"इंग्लिशमध्ये कळत नाही, काकू."

दादानं माझ्या हातातलं पेन घेतलं. आधी कागद रंगाऱ्याच्या खिडकीत धरला, त्याची सही झाल्यावर यूटच्या बॉनेटवर ठेवला आणि खाली आपली केली.